सर्वानुमते एकटी

आमच्या बँकेच्या संचालक मंडळाच्या सभेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे पुरुष उठून उभे राहिले. मला वाटलं, वा! काय हा मान! लहानपणी गणपतीतल्या नाटकात मी राणी व्हायची. त्या राणीसारखी मान किंचित कलती ठेवून मी दोन्ही हात जोडले. तेवढ्यात माझ्या मागून अध्यक्ष आले, पुढं गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले. मग सगळे बसले. राणी तेवढी उभी राहिली.

परळीत माझं भांड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच गल्ल्यावर बसते. लेक बंगळूरला असते आणि रविवारी फोन करते. बाकीचे दिवस मी गिऱ्हाइकांशी बोलते. लग्नाचा बस्ता काढून दमलेली माणसं भांडी घ्यायला आली की मी त्यांना दोन गोष्टी सांगून हसवते आणि दोन पातेली जास्त विकते. संध्याकाळी शटर खाली ओढलं की आवाज बंद. घरात स्टीलचं भांडं जरी हातातून पडलं तरी बरं वाटतं, काहीतरी वाजलं म्हणून.

तर अशा या बाईच्या दुकानात एक दिवस बँकेचे अध्यक्ष स्वतः आले.

"वैनी, तुमचं नाव टाकतोय आपल्या पॅनलमधी."

"विचारताय का सांगताय?"

"विचारून सांगतोय," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

सहकारी बँकेत कायद्यानं दोन बायका लागतात. पत्रावळीला काड्या लागतात तशा. पान सुटू नये एवढंच त्यांचं काम. जेवताना काडीकडं कोण बघतं? मला का निवडलं हे मला तिथंच कळलं होतं. आमच्या व्यापारी घरांची मतं माझ्याबरोबर येणार होती, आणि मी विधवा असल्यानं माझ्याबरोबर नवरा येणार नव्हता. इतर कुणा बाईला घेतलं की खुर्ची एक आणि माणसं दोन होतात. माझ्यात ती कटकट नव्हती.

ही कटकट काय असते ते दुसऱ्या संचालिकेकडं बघून कळायचं. म्हणजे तिच्याकडं बघून नव्हे, कारण ती कधी यायचीच नाही. ती अध्यक्षांच्या धाकट्या भावाची बायको, राहायला नांदूरघाटला. सभेला तिचा नवरा यायचा. तिच्या खुर्चीवर बसायचा, तिचा चहा प्यायचा, आणि सगळे त्याला "संचालक" म्हणायचे. सभा झाली की हजेरीचं पुस्तक जीपमधून नांदूरघाटला जायचं आणि सही घेऊन परत यायचं. त्यामुळं आमच्या बँकेत कागदावर दोन बायका होत्या आणि खोलीत मी.

माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. माणसं जास्त झाली तर बाहेरून स्टूल आणतील, पण बाईमाणसाच्या शेजारी कोणी बसणार नाही. याला मर्यादा म्हणतात. मी त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवायची. चहाचा ट्रे आला की शिपाई पर्सपुढंही एक कप ठेवायचा, आणि तीही माझ्यासारखीच तो तसाच सोडायची. मी चहा का घेत नव्हते ते सांगते. वरच्या मजल्यावर बायकांसाठी सोयच नव्हती. इमारत बांधली तेव्हा तिथं कधी बाई बसेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सभा तरी कसली? सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांच्या शेतावर ठरलेलं असायचं. थंडीत हुरडा, एरवी आणखी काही. मला तिथं बोलावणं नव्हतं. "बाईमाणसाला शेतावर कसं बोलवायचं?" हीही मर्यादाच. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी नाटक आधी पाहिलेलं असायचं आणि मी एकटीच तिकीट काढून आलेली. मी एखादा प्रश्न विचारला की कुणीतरी प्रेमानं म्हणायचं, "मॅडम, ते झालंय." मग एकजण ठराव मांडायचा, तो सूचक. दुसरा म्हणायचा 'माझं अनुमोदन'. मग अध्यक्ष म्हणायचे, "सर्वानुमते मंजूर." त्या 'सर्व' मध्ये मीही असायची. माझं मत मलाच नंतर कळायचं.

या सगळ्यातून मी टिकले ती एका माणसामुळं. बँकेची उपव्यवस्थापक. धारूरकडची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कारकून म्हणून लागलेली आणि एकेक पायरी चढत आलेली. सभेत ती दाराजवळ फायली घेऊन बसायची आणि विचारलं तरच बोलायची. सभा सुटली की मी खाली तिच्या खोलीत जायची. तिथं चहा व्हायचा. सीताफळांच्या दिवसांत ती गावाकडून पिशवी भरून आणायची, आणि आम्ही वर्तमानपत्र पसरून बिया त्यावर टाकत बसायचो. आणि मग माझा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. नुकतीच झालेली सभा मी तिला पुन्हा करून दाखवायची. प्रत्येक संचालकाचा आवाज, खोकला, मिशीवरून फिरणारा हात. ती सभेला स्वतः हजर असायची, पण तिथं तिला हसता येत नसे. साठवलेलं सगळं हसू ती इथं काढायची. तशी ती हसणारी बाई नव्हती. म्हणून तिला हसवलं की मला एखाद्या मोठ्या लग्नाची सगळी भांडी विकल्यासारखं वाटायचं.

"ताई, बास करा, बाहीर गिऱ्हाईक बसलंय," ती डोळे पुसत म्हणायची.

महिन्यातून एकदा. तेवढ्यासाठी मी संचालक होते म्हणा ना.

मग बँकेचे मुख्य अधिकारी निवृत्त झाले. त्यांची जागा कुणाला द्यायची हे अर्थात शेतावर ठरलं. अध्यक्षांचे एक सोयरे दुसऱ्या कुठल्याशा बँकेतून निवृत्त होऊन घरी बसले होते. घरी बसून त्यांना करमत नव्हतं आणि त्यांच्या घरच्यांना तर त्याहून नव्हतं. त्यांनी अर्ज केला. आमच्या बाईनंही केला. कामाचं विचाराल तर, मुख्य अधिकारी असतानाही बँक तीच चालवत होती हे चहावाल्यालाही ठाऊक होतं.

एका दुपारी ती मला म्हणाली, "ताई, या बारीला न्हाई झालं तर मी जाते."

"कुठं जाते?"

"लातूरला. तिथल्या बँकेचं बोलावणं हाय. ह्या माणसाच्या हाताखाली राहून त्यालाच पयल्यापासून शिकवायला मला न्हाई जमायचं."

खरं सांगते, बँकेचं काय होईल हे मला नंतर सुचलं. आधी हे सुचलं की सभा सुटल्यावर मी जायचं कुठं?

मी ठरवलं की तिचं नाव मीच सुचवायचं. पण सुचवून भागत नाही, अनुमोदन देणारा लागतो. तो नसला की ठराव जागेवर पडतो. मी एकेकाला चाचपून पाहिलं. आमच्यात एक म्हातारे कापसाचे व्यापारी होते, माझ्या नवऱ्याचे मित्र. ते म्हणाले, "वैनी, बाई हुशार हाय, खरं हाय. तिच्यावाचून बँक चालणार न्हाई, तेबी खरं हाय. पर दादाच्या म्होरं मी कावून तोंड उघडू?" दादा म्हणजे अध्यक्ष. बाकीच्यांनी तर 'खरं हाय' सुद्धा म्हटलं नाही.

उरली एकच. कागदावरची ती दुसरी बाई. आणि नशीब असं की तिचा नवरा आणि बँकेचे उपाध्यक्ष, दोघं मिळून त्याच आठवड्यात तिरुपतीला जाणार होते. देवाचे उपकार कुठून कसे येतील सांगता येत नाही.

मी नांदूरघाटला गेले. त्यांच्याकडं पुतणीचं लग्न होतं, भांडी माझ्याच दुकानातून जायची होती, म्हणजे निमित्त आयतंच होतं. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत बसली होती. मी पाट ओढून शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. बँक, ती धारूरची बाई, सोयरे, अनुमोदन. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"आक्का, तिथं काय करायचं असतंय?"

"बसायचं असतं. आणि मी नाव सुचवलं की म्हणायचं, माझं अनुमोदन."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन ह्यांनी इतकी वर्सं एवढंच केलं?" ती म्हणाली. "यायचे तर असं, की जणू डोंगर फोडून आलेत. आल्या आल्या पाय दाबा."

मी इतकी हसले की बाहेरून तिची सासू डोकावून गेली. मग तिनं हात धुतले आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "येते मी. इतकी वर्सं मी जिथं हजर हाय, ती जागा एकदा बघू तरी."

सभेच्या दिवशी सकाळी मी तिला गाडीत घालून आणलं. घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. वैजनाथाचं दर्शन सांगितलं असावं. अंबाजोगाईपर्यंत ती 'माझं अनुमोदन' पुटपुटत होती. मी मनातल्या मनात पुढच्या आनंदाचा हिशेब मांडला होता: आज या टेबलाशी आम्ही दोघी, आणि पुढच्या महिन्यापासून तिघी. शेजारच्या खुर्चीवरून पर्स उचलायची, तिथं हाडामासाचं माणूस बसणार, आणि कुणी काही बोललं की मला कोपरानं ढोसायला कुणीतरी असणार.

बँकेच्या दारात एक सफारी घातलेले गृहस्थ उभे होते. तेच सोयरे. शेजारी टेबलावर हार आणि पेढ्यांचे पुडे. निकालाआधीच पेढे आलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

आम्ही वर गेलो. दार उघडलं. अध्यक्ष खुर्चीत बसलेले होते. त्यांनी वर पाहिलं, भावजयीला पाहिलं आणि लगेच समोरच्या कागदात डोकं घातलं. तिनं पदर ओढला आणि दाराशी, भिंतीला लागून, खिळल्यासारखी उभी राहिली.

मी पर्स हातातच ठेवली, शेजारची खुर्ची मागं ओढली. "बसा की."

तिनं नुसती मान हलवली. मी जवळ गेले तशी ती कानात म्हणाली, "भाया बसल्यात ना म्होरं."

बोंबला! हे मला सुचलंच नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ, आमच्याकडं त्याला भाया म्हणतात, तो समोर असताना धाकट्याची बायको खुर्चीवर बसत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. माझ्या सासरची वडीलधारी माणसं कधीच गेली. मी कुणासमोर उभं राहायचं हेच विसरून गेले होते.

अध्यक्ष कागदाशीच बोलले, "मॅडम, त्यांना म्हणा, बसा."

मी दोन पावलं चालून गेले. "ते म्हणतात, बसा."

"त्यांना म्हणा, मी उभीच बरी हाय."

मी परत आले. "त्या म्हणतात, मी उभीच बरी आहे."

"त्यांना म्हणा, ही बँक हाय, घर न्हाई."

"ते म्हणतात, ही बँक आहे, घर नाही."

"त्यांना म्हणा, भाया तर तेच हाईत की."

मी हा निरोप पोचवला आणि टेबलाच्या त्या टोकाला कुणाला तरी ठसका लागला. दोन्ही तोंडं एका खोलीत, आणि मध्ये मी भोंग्याची गाडी. मला तर वाटत होतं हे दिवसभर चालावं.

शेवटी सभा सुरू झाली, ती उभी असतानाच. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाऊ लागलं. पण अध्यक्षांच्या घरची सून उभी आणि आपण बसलेलो, हे त्या माणसांना कसं सोसावं? आधी एकजण पाय मोकळे करायच्या निमित्तानं उठला. मग दुसरा खिडकी उघडायला उठला आणि खिडकीतच राहिला. कापसाचे व्यापारी गुडघे दुखतात म्हणत टेबलाला धरून उभे राहिले. वाचन संपेपर्यंत निम्मं संचालक मंडळ उभं होतं. एखाद्याला वाटावं, शोकप्रस्ताव चाललाय.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. भावजयीला अवघडून उभी ठेवून आपण खुर्चीत बसावं, हे त्यांच्याही रक्तात नव्हतं. त्यांनी मोबाइल उचलला. "मी खाली बसतो. तुमचं उरकून घ्या. ठरल्यापरमाणं." आणि पलीकडच्या भिंतीकडं तोंड ठेवून, तिच्याकडं न बघता, ते बाहेर पडले. ठरलेलं ठरल्याप्रमाणंच होणार याची त्यांना इतकी खात्री होती. आजवर कधी वेगळं झालंय?

ती आली आणि माझ्या शेजारी बसली. आधी खुर्चीच्या कडेवर, मग हळूच मागं टेकून.

आता अध्यक्षांची खुर्ची रिकामी. दाराजवळून उपव्यवस्थापक बाई म्हणाल्या, "सभेला अध्यक्ष लागतो. उपाध्यक्ष नाहीत. हजर असलेल्यांपैकी कुणीतरी बसावं लागेल."

कुणी छताकडं पाहिलं, कुणी चष्मा पुसला. त्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय साधी गोष्ट? जो बसेल त्याच्या मनात काय आहे ते संध्याकाळपर्यंत गावभर होणार. पुढच्या निवडणुकीला तिकीट नाही, उसाला तोड नाही, लग्नाला बोलावणं नाही. मग त्यांतला एक हुशार म्हणाला, "मॅडम बसतील."

"हां, हां, मॅडम बसू द्या!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मी बसलेली चालत होती, कारण मी बसले तरी त्याचा काही अर्थ होत नव्हता. खुर्चीवर कुणी उशी ठेवली म्हणून उशीचा खुर्चीवर हक्क होत नाही, तसंच. मला हे सगळं समजत होतं, तरी मी पदर सावरून अशी काही गेले आणि बसले की आमचे गणपतीतले नाटकवाले बघायला हवे होते.

पण बसल्यावर लक्षात आलं की मी स्वतःचे हात स्वतःच बांधून घेतलेत. अध्यक्षांच्या जागेवर बसलेल्यानं ठराव कसा सुचवायचा? आणि विषय तर तोच आला: मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक. अर्जदार म्हणून ती धारूरची बाई उठून बाहेर गेली. दार ओढून घेताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी दोन्ही नावं वाचली. "सूचक कोण?"

कोणी बोलेना. आणि मला कळलं, का. सोयऱ्यांचं नाव उपाध्यक्ष सुचवणार होते, तसं शेतावर वाटून दिलेलं होतं. उपाध्यक्ष तिरुपतीला. दुसऱ्याचं काम आपण करावं की नको, हे फोन करून विचारायला हवं होतं, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत मी बसलेली असताना फोन काढायचा कसा, या पेचात सगळे.

"मी सुचवते."

आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं, बाहेरून आला. नांदूरघाटची बाई पदर सांभाळत टेबलाकडं बघून बोलत होती. "ह्या बाई आता बाहीर गेल्या, त्यांचं नाव. काम त्याच करत्यात म्हंत्यात सगळे. मंग त्यांनाच द्या की."

मी तिला हे शिकवलं नव्हतं. मी फक्त अनुमोदन शिकवलं होतं.

खोलीत सगळे एकमेकांकडं बघू लागले, आणि त्या चेहऱ्यांवर हळूहळू एक प्रकाश पसरला. आजही तो मला जसाच्या तसा आठवतो. अध्यक्षांच्या घरच्या सुनेनं नाव सुचवलं! जी कधी उंबऱ्याबाहेर येत नाही ती आज मुद्दाम आली! आणि दादा आपण होऊन उठून गेले! म्हणजे दादांचं मन रात्रीतून बदललं; सोयऱ्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून तोंडदेखलं 'ठरल्यापरमाणं' म्हणून हा डाव टाकला; आणि आपण ओळखतो का नाही ते ते खाली बसून बघतायत. प्रत्येकाला हे आपल्या एकट्याला उमगलं असं वाटत होतं, आणि दुसऱ्याच्या आधी आपण ओळखलं हे दाखवायची घाई झाली.

"अनुमोदन!" कापसाचे व्यापारी ओरडले.

"माझंबी लिवा!"

"सर्वानुमते!" तिघं एकदम म्हणाले. अध्यक्षांनी म्हणायचं वाक्य मला म्हणायची संधीच मिळाली नाही.

टाळ्यांचा आवाज ऐकून अध्यक्ष वर आले. ते आत येताच नांदूरघाटची बाई उठून भिंतीला जाऊन उभी राहिली, जणू मधलं काही घडलंच नाही. पण बाकीच्यांनी त्यांना घेरलं होतं. "दादा, मानलं बरं का!" "काय डाव टाकला!" "आम्ही वळखलं लगेच!" अध्यक्षांनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या माझ्याकडं, मग नाही म्हटलं तरी क्षणभर भिंतीकडं. काय बोलणार? माझ्या घरचीच सून माझ्या विरोधात गेली असं बोलणार? मी का उठून गेलो ते सांगणार? त्यांनी घसा साफ केला.

"घरातूनच सुरुवात करावी लागती," ते म्हणाले. "बायांना म्होरं आणायचं म्हणजे नुसतं भाषण करून चालत न्हाई."

पेढ्यांचे पुडे फुटले. सोयऱ्यांनीही एक खाल्ला, कशाचा ते त्यांना कळायच्या आत. चार दिवसांनी पेपरात अध्यक्षांचा फोटो आला, महिलांना नेतृत्व देणारे म्हणून. फोटोत मी मागच्या रांगेत होते; माझा निम्मा चेहरा हाराखाली गेला होता.

नांदूरघाटची बाई परत जाताना अध्यक्षांच्या गाडीतून गेली, माझ्या नाही. जाण्याआधी जिन्यावर तिनं मागं वळून त्या खोलीकडं पाहिलं.

"एवढीशीच हाय व्हय खोली?" ती म्हणाली. "मला वाटलं, लई मोठी असंल."

घरी गेल्यावर काय झालं मला माहीत नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आक्का, बघून आले ना. झालं." मागून कुणीतरी विचारत होतं, कुणाचा फोन, आणि तिनं ठेवून दिला.

पुढं मुंबईहून नेमणुकीला वरची मंजुरी आली आणि आमची धारूरची बाई मुख्य अधिकारी म्हणून कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत गेली. पहिल्याच सभेत तिनं जाहीर केलं की संचालकाच्या खुर्चीवर संचालकच बसेल. नांदूरघाटचा नवरा उठून गेला. जीपही बंद झाली. बाई काही आली नाही. वरच्या मजल्यावर बायकांसाठी सोय झाली, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. मी चहा प्यायला लागले.

त्या पहिल्या सभेनंतर मी नेहमीसारखी खाली गेले, तर तिच्या खोलीत दोन संचालक आधीच बसलेले. एकाला मेव्हण्याचं कर्ज हवं होतं, दुसऱ्याला कुणाची तरी वसुली थांबवायची होती. ही खोली अशीच असायची. जुने साहेब दिवसभर त्यांना चहा पाजत. मी दारातूनच परत फिरले. पुढच्या महिन्यात तसंच. तिसऱ्या महिन्यात मी सभेला गेले, तर विषयपत्रिकेत शेवटी एक विषय होता, तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. तिनंही नाही. आणि ते बरोबरच होतं. बाहेर ठरवून आत वाचायचं या प्रकाराविरुद्ध तिच्यासमोर नकला करकरून मीच तर तोंड वाजवलं होतं.

तिनं उभं राहून वाचलं. कोणत्याही संचालकानं अधिकाऱ्यांच्या खोलीत जाऊन बसू नये. कर्ज, वसुली, बदली, काही बोलायचं असेल तर ते सभेत बोलावं. कुणालाही सवलत नाही.

वाचताना तिचा आवाज हलला नाही. शेवटच्या वाक्याला मात्र ती कागदावरून नजर काढीना.

"सूचक?" अध्यक्षांनी विचारलं. ते खुर्चीत मागं रेलून बसले होते. त्या टेबलावर असा ठराव कोण सुचवणार? सूचक मिळाला नाही की तो कागद तिथंच पडणार होता, आणि उद्यापासून ती काचेच्या खोलीत बसून सगळ्यांना चहा पाजणार होती. मला तेवढा वेळ होता. मी गप्प बसले असते तर कुणी मला काही म्हटलं नसतं; गप्प बसण्यासाठीच तर मला घेतलेलं. आणि मग कधीतरी दुपारी, ते दोघं उठून गेल्यावर, तिच्याकडं मला अर्धा तास तरी मिळाला असता.

मी हात वर केला. "मी सुचवते."

अध्यक्ष सरळ बसले. कापसाचे व्यापारी जरा वेळ चुळबुळले आणि म्हणाले, "माझं अनुमोदन. मला बी लोकं लई तरास देत्यात, कर्ज काढून द्या म्हून. आता सांगता येईल, बंदी हाय." त्यावर हसू झालं, दोघातिघांना तो तोटा नसून फायदा वाटायला लागला, आणि अध्यक्षांना म्हणावं लागलं ते त्यांनी म्हटलं. सर्वानुमते.

तिनं पेन उघडलं, लिहिलं, पेन बंद केलं. "आभारी आहे, मॅडम," ती म्हणाली. सभेत ताई म्हणत नाहीत, तेही बरोबर.

सगळे निघून गेल्यावर मी जिना उतरले. काचेच्या खोलीत ती पोचलेली होती. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, डोक्यावर पदर घेतलेली एक शेतकरी बाई, हात नाचवून नाचवून काहीतरी सांगत होती, बहुधा नवऱ्याबद्दल. आणि आमची धारूरची बाई तोंडावर हात धरून हसत होती, खांदे हलवून. काचेतून आवाज येत नव्हता. मी पर्समध्ये किल्ली शोधत जरा वेळ तिथंच थांबले. मग शिपायानं बाहेरचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. किती वेळ धरून उभा राहील बिचारा, म्हणून निघाले.